फळ्यावरून उतरवून घेणे

चुका शोधणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. गेली सतरा वर्षे मी पुण्यातल्या प्रकाशकांसाठी मुद्रितशोधन करते. 'गरीब' दीर्घ असला तरी 'गरिबाला' ऱ्हस्व का होतो आणि 'आणि'ची वेलांटी शेवटी असूनही पहिलीच का राहते, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. अशा घरात, २०२० सालच्या पावसाळ्यात, तिसरीत गेलेल्या माझ्या मुलाने 'माझी आजी' या विषयावर आठ ओळी लिहिल्या आणि त्यांत 'आजी' हा शब्द चार वेळा चार तऱ्हांनी लिहिला. एकदा दुसरी वेलांटी होती, एकदा पहिली, एकदा ती चुकून 'आ'ला जाऊन चिकटली होती आणि चौथ्या वेळी ती नव्हतीच. निबंध वाचून दाखव म्हटल्यावर त्याने वहीकडे न बघता तो म्हणून दाखवला. त्यात वहीत नसलेल्या आणखी पाच-सहा ओळी होत्या, आणि बशीत चहा ओतताना आजी बशीच्या काठावर अंगठा का टेकवते, याचे कारणही होते.

मला राग आला, हे कबूल करायला हवे. मी त्याला 'आजी' पन्नास वेळा लिहायला लावले. त्यांतले बरेचसे बरोबर आले, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा मूळपदावर. आमची पिढी घोटून घेण्यावर वाढली आहे, आणि घोटूनही जे बसत नाही त्याला आपल्याकडे आळस हे एकच नाव आहे. तो शब्द मी त्या महिन्यात किती वेळा उच्चारला, हे आता आठवावेसे वाटत नाही.

शाळा तेव्हा मोबाइलवर भरत होती. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी प्रुफे घेऊन बसलेली असे आणि त्याचा तास कानावर पडत राही. बाईंनी प्रश्न विचारला की याचे उत्तर सर्वांत आधी तयार असे, बाई 'छान' म्हणत, आणि संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो गटावर पाठवला की त्याच बाई त्याच मुलाला 'अभ्यासाकडे लक्ष द्यावे' असे लिहून पाठवत. सकाळचा मुलगा आणि संध्याकाळचा मुलगा एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते, कारण छोट्या चौकोनांमध्ये साठ चेहरे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साठ पाने होती. शाळा चालू असती, तर मला तरी ही दोन्ही टोके एकाच दिवसात दिसली असती का, याची मला शंका आहे. त्या साथीचे मी एवढेच उपकार मानते.

चौथीच्या वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्ग पुन्हा भरू लागले आणि मी मोठ्या बाईंना भेटायला गेले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. "हे बघा, दोन वर्षं घरी बसल्यामुळे सगळ्याच मुलांचं लिहिणं गेलंय. तुमच्या एकट्याचं नाही." मी म्हटले की याचे वाचनही येत नाही, चौथीत असून तो ओळ बोट ठेवून वाचतो आणि जोडाक्षर आले की त्या जागी जवळपासचा दुसरा शब्द बेधडक ठोकून देतो. त्यावर त्यांनी मला धीर देण्यासाठीच जे वाक्य म्हटले ते पुढे मला आणखी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकायला मिळाले: "तो डिस्लेक्सिया का काय म्हणतात ना, तो इंग्रजी माध्यमातल्या मुलांना असतो. आपली मराठी कशी, जसं बोलतो तसं लिहितो."

आपल्या लिपीचा हा अभिमान मलाही होता, त्यामुळे या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. इंग्रजीइतका उच्चार आणि लेखन यांचा काडीमोड मराठीत नाही, हे खरे. परंतु 'कि' हे अक्षर बघा. बोलताना आधी क् येतो आणि मग इ, आणि लिहिताना ती इ क च्या आधी जाऊन उभी राहते. 'अर्क' म्हणताना र् आधी उच्चारायचा आणि लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा. 'चक्र' म्हणताना तोच र नंतर उच्चारायचा आणि अक्षराच्या पोटात तिरका मारायचा. एका र चे हे निरनिराळे वेष ज्याला सहज ओळखू येतात त्याला त्यांत काही अवघड आहे हेच कळत नाही. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही जोडपी शिरोरेषेच्या एका तुटीवर वेगळी होतात. पाठ्यपुस्तकातला ल पाकळीचा आणि श देठाचा, तर मोबाइलवरचे ल आणि श निराळेच. या सगळ्यावर, मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांतले ऱ्हस्व-दीर्घाचे नियम कानाला ऐकू येत नाहीत, कारण बोलताना आपण 'कवि' म्हणतो की 'कवी', याचा पत्ता आपल्यालाही नसतो. मी त्या नियमांवर पोट भरते. ते जसे बोलतो तसे लिहिण्याचे नियम असते, तर मला कोणी काम दिले नसते.

आकड्यांचेही तेच. माझा मुलगा दुसरीत होता त्याच वर्षी, २०१९ मध्ये, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली. त्या विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या की मराठीत आपण लिहितो दशक आधी आणि बोलतो एकक आधी, शिवाय संख्यांच्या नावांत जोडाक्षरांची गर्दी आहे, आणि लहान मुले तिथे अडखळतात. टिंगल करणाऱ्यांत मीही होते; 'भाषा बुडवायला निघाले' असे एक वाक्य मी कुठेतरी लिहिलेही होते. दोन वर्षांनी माझा मुलगा 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिताना मी पाहिला. 'साठ तीन' म्हटल्यावर त्याने क्षणात ६३ लिहिले आणि माझ्याकडे असे पाहिले, की हे आधी का सांगितले नाही.

तपासणीच्या खटपटीविषयी फार लिहीत नाही, कारण ज्यांना ती करावी लागली आहे त्यांना ती ठाऊक आहे. आधी कान आणि डोळे तपासून घ्यायचे, मग बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यंकाची चाचणी, मग वाचन, लेखन आणि गणित यांची इयत्तेनुसार चाचणी. बुद्धी ठीक आहे आणि वाचन-लेखन मात्र इयत्तेच्या बरेच मागे आहे, असे दिसले तर अध्ययन अक्षमतेचे (डिस्लेक्सिया हा तिचाच वाचनातला प्रकार) निदान होते. ही सगळी मराठीतून व्हावी लागते, नाहीतर मुलाचे इंग्रजीच कच्चे आहे एवढेच सिद्ध होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही तयार केलेली आहे, हे कळल्यावर मला, का कोण जाणे, मोठा आधार वाटला. मोठ्या बाईंच्या वाक्याला कोणीतरी परस्पर उत्तर देऊन ठेवले होते. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास ही तपासणी होते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी ती पुन्हा करावी लागते. त्या उन्हाळ्यात आम्ही सरकारी रुग्णालयात सहा खेपा घातल्या. सातव्या खेपेला प्रमाणपत्र हातात पडले.

प्रमाणपत्रावर 'दिव्यांग' हा शब्द होता, आणि तो आमच्या घरात शिरायला वेळ लागला. सासरे म्हणाले, "त्याला काय झालंय? हातपाय धड, बुद्धी माझ्याहून तल्लख." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यातही त्यांच्याच मताप्रमाणे कारभार होता, कारण त्या यादीतल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हती. महाराष्ट्राने मात्र त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अशा मुलांसाठी परीक्षेतील सवलती मान्य केल्या होत्या, आणि मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी पुढे वर्षानुवर्षे या मुलांच्या तपासण्या झाल्या. देशाच्या कायद्यात ती यायला २०१६ साल उजाडले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सातांचे एकवीस प्रकार झाले, आणि त्याच्या सोळाव्या कलमात एक वाक्य आले, ते वाचून मी उठून उभी राहिले होते. मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर हेरून त्यावर योग्य शैक्षणिक उपाय करणे, हे शासनाची मान्यता वा अनुदान असलेल्या शाळेचेच काम आहे, असे तिथे म्हटलेले आहे. हेरायचे शाळेने होते. मी मात्र दोन वर्षे शाळेला पटवीत होते.

उभे राहून मी जे केले ते चुकले. पाचवीला इमारत बदलते, मुख्याध्यापक बदलतात आणि चौथीपर्यंत जे काही बोलणे झाले असेल ते जुन्या इमारतीतच राहते. जून २०२२ मध्ये मी नव्या मुख्याध्यापक सरांना चार पानी पत्र लिहिले. त्यात सोळावे कलम होते, शिक्षण हक्क कायदा होता, २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले 'वंचित गटात' आली तेही होते, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'याची नोंद घ्यावी' असे होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पत्राची पोहोच मिळाली, आणि पुढचे पाच आठवडे काहीही झाले नाही. मग सरांनी बोलावले. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी ते पत्र टेबलावर असे पालथे घातले होते, की ते पुन्हा उलटायची त्यांची इच्छा नाही हे मला दिसले. "एकाला दिलं की उद्या दहा पालक उभे राहतील. आणि वर्गशिक्षकांनी एकट्या तुमच्या मुलाकडे बघायचं, तर बाकीच्या छप्पन्न जणांचं काय?" माझ्या पत्रात शाळेने काय करू नये आणि काय करणे बंधनकारक आहे हे सगळे होते. सोमवारी सकाळी पाचवी 'ब' मध्ये कोणी नेमके काय करायचे, हे मात्र नव्हते.

ते मला त्याच्या वर्गशिक्षिकेने विचारले. त्या मराठी आणि इतिहास शिकवत. दहा मिनिटांच्या मधल्या सुट्टीत, जिन्याखाली, हातात हजेरीपट घेऊन त्या म्हणाल्या, "ते कायद्याचं सर बघतील. मला सांगा, तो नक्की कुठे अडतो?" आपल्या मुलाविषयी एवढे वाचून, एवढे लिहून, हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. मी म्हणाले, फळ्यावरून उतरवून घेताना. फळ्याकडे बघून दोन अक्षरे मनात धरायची, मान खाली घालून ती वहीत उतरवायची आणि पुन्हा वर बघून आपण कुठे होतो ते शोधायचे, यात त्याचा निम्मा तास जातो. बाकीची मुले पुढच्या मुद्द्यावर गेलेली असतात आणि याची वही अर्धी राहते. मग अपूर्ण वहीबद्दल शेरा येतो, तो घरी येतो तेव्हा आम्ही त्याला शेजारच्या मुलाची वही आणून रात्री उतरवायला बसवतो, म्हणजे तीच शिक्षा दोनदा होते.

बाईंनी थोडा विचार केला आणि विचारले, "कार्बन चालेल का?"

मला आधी कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या वहीत एक कोरे पान आणि एक निळा कार्बन पेपर घालून दिला. तो मुलगा नेहमीसारखे लिहीत होता, तास संपला की खालचे पान माझ्या मुलाच्या फायलीत जात होते, आणि तो तासभर फळ्याशी कुस्ती न करता शिकवलेले ऐकत होता. कार्बनच्या पाकिटाला शंभर-दीडशे रुपये पडले. ते आणायला मी अप्पा बळवंत चौकात गेले, तर दुकानदार म्हणाला की हल्ली हे फक्त चलने भरणारे नेतात. झेरॉक्सने हेच झाले असते, हे खरे. परंतु झेरॉक्स म्हणजे कोणीतरी रोज वह्या गोळा करून कार्यालयात नेणे, शिपाई मोकळा असणे आणि यंत्र चालू असणे. बाईंना हे माहीत होते. माझ्या चार पानांत ते नव्हते.

त्या बाईंच्या दिवसात काय काय असते, हे मला तेव्हाच कळले. सरल या राज्याच्या पोर्टलवर माहिती भरणे, यू-डायस या केंद्राच्या शालेय माहिती-प्रणालीचे रकाने भरणे, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीचे काम. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामे शिक्षकांना लावायला मुभा ठेवलेली आहे, आणि आपल्याकडे निवडणुका कधी संपत नाहीत. याच यू-डायसमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांचा एक रकाना आहे. प्रमाणपत्र दिल्यावर माझ्या मुलाची नोंद तिथे झाली, एवढीच शाळेची पहिल्या सहा महिन्यांतली अधिकृत कृती. तरी ती निरुपयोगी नव्हती, कारण पुढे सरांना वरून कोणी विचारले तर दाखवायला त्यांच्याकडे कागद होता. प्रमाणपत्र मला हत्यार वाटत होते. बाईंना ते छत्रीसारखे उपयोगी पडले. तोंडी परीक्षा का घेतली, असे कोणी विचारले तर त्या आता कागदाकडे बोट दाखवू शकत होत्या.

मग मी नवे पत्र लिहिले, एक पानाचे. फळ्यावरचे उतरवण्याची सक्ती नको, कार्बन चालू द्यावा. वर्गासमोर उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये; वाचायचेच असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद सांगावा. विज्ञान-भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. घटक चाचणीला तासामागे वीस मिनिटे जास्त द्यावीत. या चार गोष्टी, आणि खाली दोन ओळींत प्रमाणपत्राचा क्रमांक. कलमे काढून टाकली नाहीत, पण तळटीप द्यावी तशी शेवटी ठेवली. सरांनी तीन मंजूर केल्या. वेळेचे 'बघू' म्हणाले, कारण पर्यवेक्षक कुठून आणायचा हा प्रश्न होता, आणि तो प्रश्न खरा होता. दुसऱ्या सत्रात ग्रंथालयाच्या बाईंनी तो सोडवला.

या सगळ्यात एक शब्द मला सतत टोचत राहिला: सवलत. शाळेत, रुग्णालयात, मंडळाच्या परिपत्रकात, पालकांच्या बोलण्यात, सगळीकडे सवलतच. साडीच्या दुकानात सवलत असते, एसटीच्या तिकिटात असते. देणाऱ्याने स्वतःच्या पदरचे काहीतरी सोडायचे आणि घेणाऱ्याने मिंधे व्हायचे, असा त्या शब्दाचा चेहरा आहे. म्हणूनच त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने मला फाटकाशी गाठून "बरंय बाई तुमचं, वीस मिनिटं फुकट" असे म्हटले, तेव्हा तिचा मला राग आला नाही. शब्दानेच तिला तसे शिकवले होते. कायद्याला जे म्हणायचे आहे त्यासाठी मराठीत 'सोय' हा जुना, घरचा शब्द आहे. पाहुणा आला की त्याची आंघोळीची, झोपण्याची सोय बघतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाट न देता खुर्ची देतात आणि त्याचे ताट उंचावर मांडतात, तेव्हा कोणी पंगतीला सवलत दिली असे म्हणत नाही. आमची आजी म्हणायची, सोय जाणेल तो सोयरा. तेव्हापासून मी पत्रात आणि बोलण्यात सोय हाच शब्द वापरते. सर अजून सवलतच म्हणतात.

चष्म्याचा दृष्टान्त या विषयावर बोलणारे सगळे देतात, तसा मीही सरांना दिला होता: नजर अधू असलेल्या मुलाचा चष्मा काढून घेऊन त्याला वाचायला लावाल का? सरांचे उत्तर मी विसरलेली नाही. "चष्मा लावला की मुलगा स्वतः वाचतो. तुमच्या मुलाला कार्बन दिला, उद्या लेखनिक दिला, तर तो स्वतः वाचायला शिकेल का?" तेव्हा मला ते निव्वळ आडमुठेपणाचे वाटले. आता वाटते, त्या खोलीतला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता. सोयीने त्याची रोजची अडवणूक थांबली, पण सोयीने त्याला वाचता आले नाही. त्यासाठी शिकवण्याची वेगळी रीत लागते आणि ती येणारा माणूस लागतो.

तो माणूस शाळेत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात २०२१ साली म्हटले होते, की विशेष गरजा असलेल्या दर दहा मुलांमागे प्राथमिक स्तरावर आणि दर पंधरा मुलांमागे वरच्या वर्गांत एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले, की निदान पदे तरी जाहीर करा. 'समग्र शिक्षा' या केंद्राच्या योजनेतले फिरते विशेष शिक्षक आहेत, पण एकेकाच्या वाट्याला इतक्या शाळा, की आमच्या शाळेत वर्षातून दोन-तीन वेळा ते येऊन गेल्याचे नोंदवहीवरून कळते. आम्ही बाहेर एका विशेष शिक्षिकेकडे आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. तासाला सहाशे रुपये आम्हाला परवडले. ज्यांना परवडत नाहीत त्यांच्या मुलांचे वर्गात काय होते, ते मी रोज शाळेच्या फाटकाशी बघते.

त्या शिक्षिकेने वर्णमालेचा क्रम आधी बाजूला ठेवला. दिसायला जवळची अक्षरे एका दिवशी शिकवायचीच नाहीत. घ पक्का झाल्यावर कित्येक आठवड्यांनी ध. प्रत्येक अक्षर म्हणायचे, रव्यात बोटाने काढायचे, मग कागदावर. 'कि' लिहिताना आधी क लिहायचा, त्याच्या डावीकडे जागा सोडायची आणि उच्चाराच्या क्रमाने वेलांटी मागाहून द्यायची. मला याची गंमत वाटली, कारण युनिकोडमध्ये आपण नेमके हेच करतो: आधी क, मग वेलांटी, आणि ती पडद्यावर आपोआप मागे सरकून बसते. आमच्या धंद्यातल्या जुन्या फॉन्टांमध्ये वेलांटी आधी टंकावी लागे. माझा मुलगा हाताने लिहिण्यापेक्षा मोबाइलवर बरा का लिहितो, याचा उलगडा मला असा वीस वर्षांपूर्वीच्या कळफलकातून झाला. आज सातवी संपताना तो वाचतो. सावकाश वाचतो, आणि वर्तमानपत्रातला अग्रलेख त्याला अर्ध्यावर सोडावा लागतो, पण तो तर बऱ्याच जणांना सोडावासा वाटतो.

पुढची चिंता दहावीची. राज्य मंडळ अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक देते, आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या पातळीचे अंकगणित घेण्याचीही मुभा ठेवते. ही शेवटची मुभा मला भीतिदायक वाटते. ती घेतली की दहावी सुटते आणि विज्ञानाचे दार लागते, आणि मुलगा चौदा वर्षांचा असताना ते दार लावण्याचा निर्णय आपण करायचा असतो. ज्या मुलांना गणितच समजत नाही त्यांना ती तारून नेते, म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. पण माझ्या मुलाला भूमिती आवडते आणि त्याचे घोडे शाब्दिक उदाहरणाच्या वाचनात अडते, हे शाळेला सांगण्याचे काम पुन्हा माझ्याकडेच आहे. लेखनिकाचेही तसेच. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केले, की लिहिण्याची अडचण खरी असेल तर चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नसला तरी लेखनिक नाकारता येत नाही. परंतु लेखनिक मिळणे आणि त्याला सांगता येणे यांत अंतर आहे. पूर्ण वाक्यात, विरामचिन्हांसह, दुसऱ्याच्या हाताच्या वेगाने बोलणे हे शिकावे लागते, आणि ते दहावीच्या फेब्रुवारीत शिकता येत नाही. म्हणून यंदा सुट्टीत तो सांगतो आहे आणि मी लिहिते आहे. मध्येच माझा हात आपसूक त्याचे वाक्य सुधारतो. तो थांबतो आणि म्हणतो, "मी असं नाही सांगितलं." लेखनिकाने सांगितले तेवढेच लिहायचे असते, ते मला जमत नाही, आणि त्याने मला आतापर्यंत तीनदा बदलण्याची धमकी दिली आहे.

जूनमध्ये आठवी सुरू होईल. वर्गशिक्षक नवे असतील. एक पानाचे पत्र मी तयार ठेवले आहे, त्यातली फक्त इयत्ता आणि तुकडी बदलायची आहे, आणि कार्बनचे नवे पाकीटही आणले आहे. कार्बनच्या वरचे पान लिहिणारा मुलगा पाचवीपासून तोच आहे. त्याचे अक्षर सुरेख आहे, पण फळ्यावरचे उतरवण्याच्या नादात बाई तोंडी काय सांगतात ते त्याच्या कानावरून जाते. मागच्या सत्र परीक्षेच्या आदल्या रात्री साडेनऊला त्याच्या आईचा फोन आला. फाटकाशी मला 'वीस मिनिटं फुकट' म्हणाली होती, तीच ही. ती म्हणाली, "जरा तुमच्या मुलाला फोन देता का? भूगोलात भरती-ओहोटीचं बाईंनी फळ्यावर न लिहिता काय सांगितलं होतं, ते आमच्याकडे नाहीये." मुलगा अंथरुणावरून उठला, फोन घेऊन गॅलरीत गेला आणि बाईंच्या आवाजाची थोडी नक्कल करत, मध्येमध्ये 'लिहिलंस का?' असे विचारत, सांगायला लागला.